लाल टोपण, केशरी टोपण: मांजराच्या शुगरसाठी सांगली-मिरजेत काय घ्यावं, काय टाळावं

मांजराला मधुमेह निघाला की लागणारं जवळजवळ सगळं सामान सांगली-मिरजेतल्या माणसांच्या मेडिकलमध्येच मिळतं. फक्त मांजरासाठी बनवलेलं इन्सुलिन किंवा वेगळा मीटर गल्लीतल्या दुकानात नसतो, आणि त्यावाचून फारसं अडतही नाही. अडतं ते मापावर. दुकानात विकलं जाणारं सगळं साठ-सत्तर किलोच्या माणसाचा हिशेब धरून बनवलेलं असतं आणि आपल्याकडे असतो चार किलोचा जीव. माणसाच्या डोसात एखादं युनिट इकडेतिकडे झालं तर बहुधा निभावतं. मांजराचा मात्र अख्खा डोसच सुरुवातीला एक युनिट असतो. म्हणून इथे प्रत्येक वस्तू दोनच प्रश्नांवर तपासली आहे: अर्धं-एक युनिट ती नेमकं मोजून देते का, आणि रक्ताचा अगदी बारीक थेंब तिला पुरतो का.

कोणतं इन्सुलिन आणि किती, हे पशुवैद्यच ठरवतील. ते लिहून दिल्यावर दुकानाच्या काउंटरवर आणि घरच्या ओट्यावर काय करायचं, त्याबद्दल हा लेख आहे.

सिरिंज: सगळ्यात स्वस्त वस्तू, सगळ्यात महागात पडणारी चूक

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत विकलं जातं. बाटलीवर ४० आययू प्रति मिली छापलेलं असेल तर एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, १०० छापलेलं असेल तर १००. सिरिंजही त्याप्रमाणे दोन प्रकारच्या: लाल टोपणाची यू-४० साठी, केशरी टोपणाची यू-१०० साठी. मांजराला बहुतेक वेळा ग्लार्जिन हे सावकाश, लांबवर असर करणारं इन्सुलिन लिहून देतात आणि ते यू-१०० असतं. जनावरांसाठी बनलेली कॅनिन्सुलिन आणि प्रोझिंक ही इन्सुलिनं मात्र यू-४० आहेत. म्हणजे "मांजराचं इन्सुलिन म्हटल्यावर अमुक रंगाची सिरिंज" असा सरधोपट नियम नाही. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा, एवढाच नियम.

चूक नेमकी कशी होते ते पाहा. घरात आजोबांचं ४० चं मिक्स इन्सुलिन चालू असतं, लाल टोपणाच्या सिरिंजा डब्यात पडलेल्या असतात. मांजराची केशरी सिरिंज संपली म्हणून त्यातली एक उचलली आणि ग्लार्जिन पहिल्या रेघेपर्यंत ओढलं, तर मांजराच्या अंगात एक नव्हे, अडीच युनिट जातात. एवढ्यानं रात्रीत झटके येऊ शकतात. उलट ४० चं इन्सुलिन केशरी सिरिंजमध्ये ओढलं तर एका रेघेला जेमतेम ०.४ युनिट जातं, शुगर खाली येत नाही आणि डॉक्टर उगाच डोस वाढवत बसतात. दुकानात "इन्सुलिनची सिरिंज द्या" एवढंच म्हटलं तर हातात कोणतीही पडू शकते. इन्सुलिनचं खोकं सोबत न्या आणि "यू-१०० ची, केशरी टोपणाची" असं स्पष्ट मागा.

रंग बरोबर असला तरी काम संपत नाही. मेडिकलमध्ये सहज मिळते ती १ मिलीची, १०० युनिटची सिरिंज. तिच्यावर साधारण दर दोन युनिटला एक रेघ असते. मांजराचं एक युनिट त्या दोन रेघांच्या मध्ये कुठेतरी अंदाजानं धरावं लागतं, अर्ध्याची तर बातच सोडा. मांजरासाठी ती घेऊच नये. ०.५ मिलीच्या सिरिंजवर एकेक युनिटची रेघ असते, ती चालेल. सगळ्यात योग्य म्हणजे ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली. पाकिटावर ते नीट बघून घ्या, कारण ०.३ मिलीच्याही काही सिरिंजवर फक्त पूर्ण युनिटच्याच रेघा असतात. ही सिरिंज फळीवर सापडण्याची शक्यता कमी. गणपती पेठेतल्या किंवा मिरजेतल्या मोठ्या औषध दुकानात सांगून मागवावी लागते, साताऱ्यातही तसंच. दिवसाला दोन, महिन्याला साठ, वाकड्या-वाया जाणाऱ्या पाच-सहा धरून एकदम मागवा.

सुई ३१ गेजची, ६ किंवा ८ मिमी लांबीची घ्या. दाट केसांच्या मांजराला ८ मिमीची बरी. एका सिरिंजनं एकदाच टोचायचं. दुसऱ्यांदा टोक बोथट होतं, मांजर दचकतं, आणि वापरलेली सुई पुन्हा इन्सुलिनमध्ये घातली की सगळी कुपी खराब होण्याची भीती असते.

आता एक युनिट म्हणजे केवढं, ते डोळ्यांसमोर आणा. यू-१०० चं एक युनिट म्हणजे ०.०१ मिली, पाण्याच्या एका थेंबाचा साधारण पाचवा भाग. सिरिंजमध्ये मोहरीएवढा हवेचा बुडबुडा राहिला तर तो जवळपास अर्ध्या युनिटची जागा खातो. मांजराचा डोस एक युनिटचा असेल तर त्या मोहरीनं निम्मा डोस गिळला. म्हणून आधी चार-पाच युनिट ओढायचं, सुई वर करून नळीवर नखानं टिचकी मारायची, बुडबुडा वर आला की जास्तीचं इन्सुलिन हवेसकट कापसावर सोडायचं आणि दट्ट्याची सुईकडची कड डोसाच्या रेघेवर आणायची. जास्तीचं इन्सुलिन परत कुपीत ढकलायचं नाही. सिरिंजमधलं सिलिकॉन आणि कचरा त्याबरोबर आत जातो.

पेन घ्यावं का

ज्या घरात माणसासाठी इन्सुलिनचं पेन वापरतात तिथे हा प्रश्न येतोच. साधं पेन एकेक युनिटनं पुढे सरकतं, त्यामुळे दीड युनिटचा डोस त्यानं देताच येत नाही. दर वेळी आधी दोन युनिट हवेत सोडून सुई भरलेली आहे याची खात्री करावी लागते, आणि बटण दाबल्यावर दहा सेकंद सुई आतच ठेवावी लागते. शांत मांजर दहा सेकंद थांबतं, बाकीची थांबत नाहीत. पेनची ४ मिमीची सुई तर कित्येकदा केसांतच राहते. हात थरथरणाऱ्या किंवा नजर कमी झालेल्या वयस्कर माणसाला सिरिंजच्या रेघा दिसत नसतील, आणि डोस पूर्ण युनिटांत असेल, तरच पेन घ्यावं. एरवी सिरिंजच.

इन्सुलिन: बाटली नको, कार्ट्रिज घ्या

ग्लार्जिन लॅन्टस, बेसालॉग, ग्लॅरिटस अशा नावांनी मिळतं. १० मिलीच्या बाटलीत १,००० युनिट असतात, ३ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये (पेनात घालायच्या काचेच्या नळीत) ३००. दोन युनिट दोन वेळा घेणारं मांजर २८ दिवसांत ११२ युनिट संपवतं. म्हणजे बाटली घेतली तर दहातले जवळजवळ नऊ भाग मुदत उलटून फेकायचे. पेन वापरायचं नसलं तरी कार्ट्रिजच घ्या, तिच्या रबरातून सिरिंजनं इन्सुलिन ओढता येतं. एकच काळजी: बाटलीत आपण आधी हवा भरतो, तशी कार्ट्रिजमध्ये भरायची नाही. मागचा रबरी दट्ट्या आपोआप पुढे सरकतो. अशी सिरिंजनं वापरलेली कार्ट्रिज नंतर पेनमध्ये घालू नका, आत हवा शिरलेली असेल तर पेनचा डोस चुकतो. दुकानदार पाचची पेटी फोडून एक कार्ट्रिज देतो का, ते विचारा.

टूजियो नावाचं इन्सुलिनही ग्लार्जिनच आहे, पण ते यू-३०० आहे, तिप्पट ताकदीचं. "तेच औषध आहे, हे न्या" म्हणून कुणी दिलं तर घेऊ नका. त्याच्या पेनमधून सिरिंजनं ओढणं म्हणजे सरळ तिप्पट डोस. आजोबांचं ३०/७० मिक्स इन्सुलिनही मांजराला स्वतःच्या मनानं चालवू नका. त्यातला जलद भाग शुगर झपकन पाडतो, आणि मांजराच्या शरीरात तो परिणाम बारा तास टिकतही नाही.

ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं. ते आम्लधर्मी असतं आणि कातडीखाली गेल्यावर तिथे बारीक कण होऊन बसतं. ते कण सावकाश विरघळत राहतात, म्हणून असर लांबतो. त्याचमुळे ते पाण्यात किंवा दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायचं नाही. गढूळ दिसलं, तंतू दिसले तर कितीही शिल्लक असलं तरी टाकून द्या. उघडल्यापासून २८ दिवस ही छापील मुदत. काही पशुवैद्य सिरिंजनं वापरलेली कार्ट्रिज फ्रिजमध्ये ठेवून जास्त दिवस चालवू देतात. ते त्यांनी स्वतः सांगितलं तरच करा, आणि उघडल्याची तारीख मार्करनं काचेवर लिहा.

साठवणीत सांगलीकरांना दोन गोष्टींचं भान हवं. पहिली म्हणजे उन्हाळा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं आणि उघडलेलं ३० अंशांपर्यंत चालतं, पण एप्रिल-मेमध्ये इथल्या घरातला पारा त्याच्या वर जातो. फ्रिजच्या दारातला कप्पा उत्तम. फ्रीझरला चिकटून किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं तर गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा स्वच्छ दिसलं तरी निकामी असतं. त्या दोन महिन्यांत इन्सुलिन ऑनलाइन मागवू नका. खोकं दुपारभर टेम्पोत तापलं की नाही, हे बाहेरून कळत नाही. दुकानातून आणतानाही थर्मासमध्ये, बर्फाच्या पिशवीला थेट न लावता, मध्ये फडकं घालून आणा.

दुसरी गोष्ट पुराची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पूरपट्ट्यातली वीज बंद ठेवावी लागली होती. अशा वेळी माठ उपयोगी पडतो. मोठ्या कुंडीत ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, मडक्यात झिपच्या पिशवीत कार्ट्रिज, वरून ओलं फडकं. पाणी उडत राहतं तोवर आतला भाग बाहेरच्यापेक्षा थंड राहतो. पावसाळी दमट हवेत हा परिणाम कमी होतो, पण तेव्हा हवाही मुळात एवढी तापलेली नसते. जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठच्या घरांनी एक कार्ट्रिज, वीस सिरिंजा आणि मीटरच्या पट्ट्यांची एक डबी वेगळ्या पिशवीत तयार ठेवावी.

टोचणं

आधी शुगर, मग खाणं, मग इंजेक्शन, आणि दोन इंजेक्शनांत बारा तास. मानेच्या मागची कातडी धरायला सोपी, पण तिथून शोषण सावकाश होतं. छातीची किंवा पोटाची बाजू बरी, रोज थोडी जागा बदलून. कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि सुई तंबूच्या पायथ्याशी शिरवायची. जास्त आत गेली तर पलीकडून बाहेर येते आणि इन्सुलिन केसांवर सांडतं. टोचून झालं की बोट फिरवा. केस ओले लागले, औषधाचा वास आला, तर किती आत गेलं ते सांगता येत नाही. अशा वेळी पुन्हा टोचायचं नाही. एक डोस हुकला तर शुगर काही तास चढी राहते, एवढंच. दोनदा गेला तर जीव जाऊ शकतो. वेळ टळली, घरातल्या दुसऱ्या कुणी आधीच दिलं का ते आठवत नाही, तेव्हाही हाच नियम. फ्रिजवर कागद लावून देणाऱ्यानं वेळ आणि सही टाकायची पद्धत पाडली तर हा घोळ होतच नाही.

मीटर: नाव नव्हे, थेंब बघा

मांजराच्या कानातून निघतो तो थेंब मोहरीच्या दाण्याहून लहान असतो. त्यामुळे कोणत्या मीटरच्या पट्टीला किती रक्त लागतं, हा इथे पहिला प्रश्न. अ‍ॅक्यु-चेक अ‍ॅक्टिव्हला १ ते २ मायक्रोलिटर लागतं, वनटच सिलेक्ट प्लसला १, अ‍ॅक्यु-चेक इन्स्टंट आणि कॉन्टूर प्लसला ०.६, डॉ. मोरपेनच्या बीजी-०३ ला ०.५. घरात यातला पहिला मीटर असेल तर नवा घ्यायची घाई होत नाही, पण मांजराच्या कानाला त्याची भूक फार मोठी आहे आणि निम्म्या पट्ट्या "रक्त अपुरं" म्हणून वाया जातील.

आमची पसंती कॉन्टूर प्लसला, आणि ती एका कारणासाठी: थेंब कमी पडला तर तो लगेच चूक दाखवून पट्टी फुकट घालवत नाही. त्याच पट्टीला आणखी रक्त लावायला निदान अर्धा मिनिट सवड देतो. मांजरानं मान झटकली, थेंब पुसला गेला, हे पहिल्या महिन्यात रोजचं. तेव्हा ही सवड सोन्याची वाटते. मोरपेनच्या पट्ट्या त्याहून स्वस्त पडतात. हात बसल्यावर खर्च खाली आणायला तो चांगला.

प्राण्यांसाठीचा अल्फाट्रॅक ०.३ मायक्रोलिटरमध्ये काम करतो आणि मांजराच्या रक्तासाठी तो जुळवलेलाही आहे. माणसाच्या रक्तात साखरेचा मोठा वाटा तांबड्या पेशींत असतो, तर मांजराच्या रक्तात जवळजवळ सगळी साखर बाहेरच्या द्रवात असते. माणसाचा मीटर हे गृहीत धरत नाही, म्हणून मांजराच्या बाबतीत तो खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. तरीही सांगली-साताऱ्याच्या घरासाठी अल्फाट्रॅक पहिली निवड नाही. पट्ट्या महाग, आणि संपल्या तर रविवारी रात्री विश्रामबागच्या मेडिकलमधून आणता येत नाहीत. पट्टी नाही म्हणून न तपासता दिलेलं इन्सुलिन हे थोड्या कमी अचूक मीटरपेक्षा किती तरी जास्त धोक्याचं.

माणसाचा मीटर कमी दाखवतो म्हणून ठराविक आकडा मिळवून "खरी" शुगर काढायला जाऊ नका. फरक सगळीकडे सारखा नसतो, शुगर चढी असते तेव्हा तो वाढतो. एकच मीटर धरा आणि डॉक्टरांना तो कोणता ते सांगा, म्हणजे ते त्याच मापात विचार करतील. शिवाय प्रमाणित मीटरलाही १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा असते. २०० दिसलं तर खरा आकडा १७० ते २३० मध्ये कुठेही असू शकतो. सकाळी १९० आणि संध्याकाळी २१५ आला म्हणून डोस हलवायचं कारण नाही.

पावसाळ्यात पट्ट्यांची डबी उघडी ठेवू नका. एक पट्टी काढली की झाकण लगेच दाबून बंद. दमट हवा लागलेली पट्टी चूक दाखवते किंवा, त्याहून वाईट, चुकीचा आकडा बिनबोभाट दाखवते.

कान

इथे मात्र घाई नको, सगळा खेळ दोन मिनिटांचा आहे. मीटर, पट्टी, लॅन्सेट (थेंब काढायला टोचायची बारीक सुई), कापूस आणि मांजराला आवडणारा उकडलेल्या चिकनचा तुकडा आधी मांडून ठेवा. मोज्यात मूठभर तांदूळ भरून गाठ मारा, तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये कोमट करा, आपल्या मनगटाला लावून पाहा आणि अर्धा मिनिट कानाला शेक द्या. थंड कानातून रक्त येत नाही, आणि पहिल्या आठवड्यातलं निम्मं अपयश याच एका गोष्टीचं असतं.

कानाच्या कडेनं एक बारीक शीर धावते. टोचायचं तिच्यावर नाही, ती आणि कानाची कड यांच्यामधल्या पट्ट्यात. काळ्या मांजराची शीर दिसत नसेल तर कानामागून मोबाइलचा टॉर्च धरा, पान उन्हात धरल्यासारखी ती दिसते. तिथे व्हॅसलीनचं अगदी पातळ बोट फिरवा, म्हणजे रक्त केसांत न पसरता गोल थेंब होऊन उभं राहतं. कानामागे कापसाची घडी धरा, नाही तर सुई आपल्या बोटात जाते. स्पिरिट लावू नका. झोंबतं, आणि वाळलं नसेल तर आकडा बिघडवतं. आपले हात मात्र धुवा, बोटाला गूळ-साखर असेल तर मीटर तीच मोजतो.

लॅन्सेट सुरुवातीला २८ गेजची घ्या. ३० ची कमी दुखवते, पण नव्या कानातून थेंब काढायला ती अपुरी पडते. आठवड्या-दोन आठवड्यांत तिथे नव्या रक्तवाहिन्या तयार होतात आणि मग बारीक सुईही पुरते. मीटरसोबत येणाऱ्या पेनसारख्या यंत्राच्या "टक्" आवाजानंच बरीच मांजरं पळतात. लॅन्सेट नुसती हातात धरून झटकन टोचणं बरं. थेंब आला की पट्टीचं टोक त्याला नुसतं टेकवा, पट्टी स्वतः ओढून घेते. मग कापसानं दहा-पंधरा सेकंद कान दाबा आणि लगेच चिकन द्या. दाबायला विसरलात तर कानावर काळानिळा डाग पडतो. दोनदा टोचून थेंब नाही आला तर थांबा, मांजराला सोडा, पंधरा मिनिटांनी दुसरा कान घ्या. भांडण करून काढलेला आकडा तसाही उपयोगाचा नसतो, कारण मांजराची शुगर नुसत्या ताणानं ३०० च्या पुढे जाऊ शकते. दवाखान्यातल्या एका आकड्यावर डोस ठरवू नये, ते याचसाठी.

आकड्यांचं काय करायचं

निरोगी मांजराची शुगर साधारण ८० ते १२० असते. उपचारात दिवसातला सगळ्यात खालचा आकडा ८० ते १५० च्या दरम्यान असावा आणि सगळ्यात वरचा ३०० च्या आसपास थांबावा, असं धोरण असतं. ग्लार्जिनचा हा तळ, म्हणजे सगळ्यात खालचा आकडा, बहुधा इंजेक्शननंतर चार ते आठ तासांत येतो. म्हणजे सकाळी सातला टोचलं तर अकरा ते तीनच्या मधली एक तपासणी ही दिवसातली सगळ्यात महत्त्वाची. फक्त इंजेक्शनआधीचा आकडा पाहून डोस वाढवणारे इथेच फसतात: सकाळी ३२० दिसतं, पण दुपारी ते ६५ ला येऊन गेलेलं असतं.

सुरुवातीच्या आठवड्यांत इंजेक्शनआधीची शुगर २०० च्या खाली असेल, किंवा मांजर खात नसेल, उलट्या करत असेल, तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय टोचू नका. डोस बदलायचा तर पाच-सात दिवसांनी आणि अर्ध्या युनिटनं. डोस बदलल्यानंतर एखादा पूर्ण दिवस दर दोन तासांनी तपासून आलेख काढा, त्याला सात पट्ट्या लागतात. एरवी दिवसाला तीन-चार, म्हणजे ५० ची डबी दोन आठवडे. एक पट्टी वीसेक रुपये धरली तर महिन्याला दोन हजारांच्या आसपास. या सगळ्या खर्चात काटकसर करू नये अशी जागा हीच.

मोजपात्रानं रोजचं पाणीही मोजा. मांजर किलोमागे १०० मिलीहून जास्त पीत असेल तर शुगर आवरलेली नाही. ते हळूहळू कमी होणं हे सुधारणेचं पहिलं लक्षण असतं.

सेन्सर: कधी घ्यावा

फ्रीस्टाइल लिब्रे मिरजेत मिळतो. नाण्याएवढी चकती कातडीवर चिकटते आणि फोन टेकवला की आकडा देते. माणसाला १४ दिवस चालतो. मांजर तो बऱ्याचदा आठवड्या-दहा दिवसांतच काढून टाकतं. केस भादरून, कातडी पूर्ण कोरडी करून, छातीच्या बाजूला किंवा खांद्यांच्या मधोमध लावावा लागतो, आणि पहिल्यांदा तो दवाखान्यातच लावून घ्या. पहिला तास आकडा येत नाही. दर आठ तासांच्या आत एकदा तरी स्कॅन केलं नाही तर मधला आलेख पुसला जातो.

सेन्सर रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे तो रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. शुगर वेगानं पडत असेल तेव्हा हेच अंतर फसवतं. कमी आकडा दिसला तर कानातून खात्री करा. एका सेन्सरची किंमत साडेचार-पाच हजारांच्या घरात, तेवढ्यात पट्ट्यांच्या पाच डब्या येतात. निदान झाल्यावर पहिल्या आलेखासाठी, किंवा डोस वाढवूनही शुगर का उतरत नाही ते शोधायला, एकदा लावणं सार्थ आहे. दर पंधरवड्याला लावत राहायची गरज नाही.

खाणं

दूध-पोळी, दूध-भात बंद. कोरड्या खाद्याच्या पिशवीवर कर्बोदकं छापलेली नसतात, ती काढावी लागतात: १०० मधून प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि राख वजा करा. राख दिली नसेल तर कोरड्या खाद्यात ८ धरा. समजा ३२, १०, ४, १० आणि ८, तर उरतात ३६. उष्मांकात मोजलं तर जवळपास ३९ टक्के. हवीत ती १२ टक्क्यांच्या आत. प्रथिनं ८, चरबी ३, तंतू १, ओलावा ८४, राख २ असं पाकीटबंद ओलं खाद्य साडेअकरा टक्क्यांत बसतं. ग्रेव्हीत पीठ असतं, म्हणून जेली किंवा पाटे (बारीक वाटलेल्या मांसाचा) प्रकार घ्या. नुसतं उकडलेलं चिकन रोज पुरत नाही, त्यात टॉरिन (मांजराला अन्नातून लागणारं एक पोषकद्रव्य) आणि कॅल्शियम कमी पडतं.

एक ताकीद: इन्सुलिन चालू असताना कोरडं बंद करून एकदम ओलं सुरू केलं तर शुगर धाडकन खाली येते. खाणं बदलायच्या आधी डॉक्टरांशी बोलून डोस कमी करून घ्या आणि त्या आठवड्यात दुपटीनं तपासा. याच वाटेनं काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंही.

लघवीच्या पट्ट्या आणि मध

कीटोन (साखर वापरता न आल्यानं शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारं द्रव्य) दाखवणारी केटो-डायस्टिक्ससारखी पट्टी घरात हवीच. ट्रेमध्ये वाळूऐवजी धुतलेले गोटे ठेवले की लघवी खाली साचते. पट्टी बुडवून वेळ घड्याळावर मोजा: कीटोनचा रंग १५ सेकंदांना, साखरेचा ३० सेकंदांना. कीटोन आले आणि मांजर खात नाही किंवा उलट्या करतंय, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. सातारा जिल्ह्यातल्या लोकांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय हा एक आधार आहे. सांगलीकरांनी रात्री कोण फोन उचलतं, ते आजच विचारून नंबर फ्रिजवर लावावा.

त्याच फ्रिजजवळ मधाची लहान बाटली ठेवा, महाबळेश्वरचा असो वा कुठलाही. मीटर ७० च्या खाली दाखवत असेल आणि मांजर शुद्धीत, चालतंफिरतं असेल, तर आधी नेहमीचं खाणं. लटपटत असेल, बाहुल्या मोठ्या झाल्या असतील, अंग थरथरत असेल, तर चमचाभर मध किंवा घट्ट कालवलेली ग्लुकोज पावडर बोटानं हिरड्यांना चोळा. गूळ-साखरेचं पाणी आतड्यात फुटून मग लागू पडतं, म्हणून ते दुसऱ्या पसंतीचं. झटका आला असेल तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. तेव्हाही फक्त हिरड्यांच्या बाहेरच्या बाजूला, आपलं बोट दातांपासून दूर ठेवून. दर पंधरा मिनिटांनी तपासा. सावरल्यासारखं वाटलं तरी दवाखाना गाठा, कारण ग्लार्जिनचा असर पुढे काही तास चालूच असतो आणि मध अर्ध्या तासात संपतो.

वापरलेल्या सुया नुसत्या घंटागाडीत टाकू नका. जाड प्लॅस्टिकची फिनेलची बाटली घ्या, वर "सुया" असं लिहा, पाऊण भरली की टोपण टेपनं गुंडाळा आणि तुमच्या पशुवैद्याच्या किंवा जवळच्या दवाखान्याच्या सुयांच्या डब्यासोबत द्या.